हिल एंड (न्यू साउथ वेल्स): सोन्यानं वसवलेलं, फोटोंनी जपलेलं गाव

निरगुडी

सिडनीतले आपले लोक सुट्टी जोडून आली की ब्लू माउंटन्स, हंटर व्हॅली नाहीतर जर्व्हिस बे गाठतात. बाथर्स्टच्या पलीकडे फारसं कोणी जात नाही. तिकडे हिल एंड नावाचं शंभरेक वस्तीचं एक खेडं आहे. सिडनीहून गाडीनं साधारण चार तास लागतात. या गावावर माझा जीव आहे, आणि मराठीत त्याच्याबद्दल काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

1872 साली इथे आठ हजारांच्या आसपास माणसं राहत होती. मैलभर लांब बाजारपेठ होती, दोन डझनांहून जास्त पब होते, बँका होत्या, वर्तमानपत्र होतं. आज त्यातला रॉयल हॉटेल हा एक पब चालू आहे, तोही 1872 चाच. मुख्य रस्त्यावर दहा-पंधरा जुन्या इमारती आणि मध्ये मोकळ्या गवताळ जागा. त्या जागांवर कांगारू चरत असतात. प्रत्येक मोकळ्या जागेला पूर्वी कोणाचं तरी दुकान होतं. बऱ्याच ठिकाणी एक फलक लावलाय आणि त्या फलकावर नेमक्या त्याच जागेचा 1872 चा फोटो आहे: दुकान, दुकानाची पाटी, दारात उभा मालक, त्याची बायको, पोरं, कुत्रा.

सुरुवात 1851 ची. फेब्रुवारी महिन्यात एडवर्ड हारग्रेव्हजला लुइस पाँड्स क्रीकमध्ये सोन्याचे कण मिळाले. त्या जागेला ओफिर नाव पडलं, मे महिन्यात बातमी फुटली आणि लोकांची रीघ लागली. काही आठवड्यांतच गर्दी टुरॉन नदीकाठी सोफालाला आणि तिथून पुढे टांबरूराच्या पठारावर सरकली. सरकारनं परवाना काढला, महिन्याला 30 शिलिंग, सोनं लागो न लागो.

हिल एंड त्या वेळी टांबरूराच्या शेजारची वाडी होती. ओढ्यांच्या गाळातलं सोनं सरलं, मग हॉकिन्स हिलच्या पोटातल्या शिरा खोदायला लोक वळले आणि वस्ती इकडे सरकली. 1870 नंतर कंपन्यांचं पीक आलं, सिडनीत शेअर विकले जाऊ लागले. 1874 पर्यंत भर ओसरला होता. टांबरूरा तर जवळजवळ नाहीसंच झालं. हिल एंड राहिलं. सोनं दोन्ही गावांचं संपलं, मग हेच का राहिलं? माझं उत्तर असं की हिल एंडकडे कोणीतरी नीट निरखून बघितलं होतं, आणि बघितलेलं काचेवर उतरवून ठेवलं होतं. त्याबद्दल पुढे लिहिते. तोवर कोणी गेलं असेल तर सांगा.

मावळवारा

छान धागा. नाव ऐकलं होतं, एवढी मोठी वस्ती होती हे माहीत नव्हतं. सोन्याची ती मोठी शिळा, होल्टरमन नगेट म्हणतात ते इथलंच ना?

निरगुडी

इथलंच. हॉकिन्स हिलवरच्या ‘स्टार ऑफ होप’ खाणीतलं. बर्नहार्ट होल्टरमन हा हॅम्बुर्गचा, 1858 साली ऑस्ट्रेलियात आला. लुइस बायर्स हा त्याचा भागीदार. दोघांनी बरीच वर्षं त्या डोंगरात काढली आणि हाती फारसं काही लागलं नाही. एकदा सुरुंगाची दारू वेळेआधी उडून होल्टरमन मरता मरता वाचला. पोट भरायला त्यानं मिळेल ते काम केलं. 22 फेब्रुवारी 1868 ला दोघा भागीदारांनी एमेट घराण्यातल्या दोन बहिणींशी एकाच दिवशी लग्नं केली, म्हणजे भागीदाराचे साडूही झाले.

आणि 19 ऑक्टोबर 1872 च्या रात्रपाळीत ती शिळा निघाली. माणसाच्या छातीएवढी उंच, 286 किलो वजनाची, त्यात अंदाजे 93 किलो सोनं. होल्टरमनला ती अख्खी ठेवायची होती. अंदाजे किंमत 12,000 पौंड होती, त्यावर हजार पौंड जास्त देऊन विकत घ्यायला तो तयार होता. कंपनीनं नकार दिला. शिळा फोडून, दळून, सोनं काढून घेतलं. पुढच्या वर्षी तो कंपनीतून बाहेर पडला.

कृष्णाकाठ

माझी नोकरी खाणींच्या कामात गेली, म्हणून थोडी भर घालतो.

या शिळेला सगळे नगेट म्हणतात, पण नगेट म्हणजे गाळात मिळणारा सोन्याचा सुटा गोळा. व्हिक्टोरियात 1869 साली मिळालेला ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा खरा नगेट, सत्तर किलोच्या वर शुद्ध सोनं. होल्टरमनची शिळा म्हणजे गारगोटी, पाटीचा दगड आणि सोनं एकत्र असलेला शिरेचा तुकडा. शिरेतून निघालेला सोन्याचा इतका मोठा एकसंध तुकडा त्याआधी किंवा नंतर नोंदला गेलेला नाही. काही दिवसांनी त्याच खाणीत याहून मोठा तुकडा निघाला होता म्हणतात, पण तो बाहेर काढतानाच फोडला.

हॉकिन्स हिलचा दगड म्हणजे थरावर थर असलेला पाटीचा दगड. त्या थरांच्या मधोमध, थरांना समांतर, गारगोटीच्या बारीक शिरा घुसलेल्या आहेत. शिरा बारीक, पण काही ठिकाणी सोनं असं ठासून भरलेलं की पुढच्या फुटात काय निघेल याचा भरवसा नाही. एका खाणीला घबाड आणि शेजारच्या खाणीला नुसता दगड, हे इथे रोजचं होतं. शेअर बाजारात इतकी खळबळ झाली ती त्यामुळेच.

गारगोटीतून सोनं सोडवणं हे वेगळंच काम. हिल एंडच्या अलीकडे रस्त्यालगत ‘क्वार्ट्झ रोस्टिंग पिट्स’ आहेत, ते चुकवू नका. 1850 च्या दशकात एका ब्रिटिश कंपनीनं बांधलेल्या दगडी भट्ट्या आहेत. लाकडं रचून गारगोटी त्यात भाजायची, म्हणजे ती ठिसूळ होते, मग दळायची. कल्पना बरोबर होती, खर्च मात्र झेपला नाही आणि कंपनी लवकरच गुंडाळली. पुढे हॉकिन्स हिलच्या काळात स्टॅम्पर आले. लोखंडी मुसळांची रांग, वाफेवर उचलून खाली आपटायची, भुकटी पाण्यानं वाहवून पाऱ्यावरून न्यायची. पारा सोनं धरून ठेवतो. शेवटी पारा उडवायचा की सोनं मागे राहतं. गावात रात्रंदिवस त्या मुसळांचा आवाज असायचा.

रेवा_ता

काका, तुमच्या लिहिण्यामुळे नीट समजलं. आमच्या कोल्हापूरच्या गुजरीत झारेकरी गटारातली माती धुऊन सोन्याचे कण काढायचे, तेच काम हजारो माणसांनी एका नदीत केलं असं डोळ्यांसमोर आलं.

कृष्णाकाठ

हो, पाटी आणि पाणी दोन्हीकडे तेच. सोनं वाळूपेक्षा सात पट जड, बाकी सगळं वाहून जातं आणि ते तळाशी राहतं.

निरगुडी

आता फोटोंबद्दल.

1872 साली बोफॉय मर्लिन नावाचा फोटोग्राफर आणि त्याचा तरुण सहायक चार्ल्स बेलिस हिल एंडला आले. त्यांच्या कंपनीचं नाव अमेरिकन अँड ऑस्ट्रलेशियन फोटोग्राफिक कंपनी. मर्लिनची पद्धत वेगळी होती. त्या काळात फोटो काढायचा तर लोक स्टुडिओत जाऊन पडद्यासमोर ताठ बसत. मर्लिन मात्र रस्त्यानं निघायचा आणि एकेक घर, एकेक दुकान घेत जायचा. मालकाला सांगायचा, दारात उभा राहा. न्हावी, खाटीक, लोहार, औषधवाला, सगळे आपापल्या कामाच्या कपड्यांत. लाकडी फळ्यांची घरं, झाडाच्या सालीची छपरं, चिखलाचा रस्ता. एखाद्या पोरानं मान हलवली तर तिथे नुसता धूसर डाग आहे.

होल्टरमनकडे पैसा आला तेव्हा त्यानं मर्लिनला हाताशी धरलं. या वसाहतीचं खरं रूप युरोपला दाखवायचं, म्हणजे तिकडून माणसं येतील, असा त्याचा विचार. मर्लिन 1873 मध्येच वारला, काम बेलिसनं पुढे नेलं. ते फोटो 1876 ला फिलाडेल्फियाच्या आणि 1878 ला पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले, तिथे पदकंही मिळाली. 1885 मध्ये होल्टरमन गेला, बरोबर सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी. आणि फोटोंच्या काचा विस्मरणात गेल्या.

1951 साली कीस्ट बर्क नावाच्या संपादकानं त्यांचा माग काढला. सिडनीच्या चॅट्सवुड भागात, होल्टरमनच्या सुनेच्या घरामागच्या शेडमध्ये, लाकडी पेट्यांत नीट रचून ठेवलेल्या सुमारे 3500 काचेच्या निगेटिव्ह! दुसऱ्या वर्षी घरच्यांनी त्या सिडनीच्या मिचेल लायब्ररीला दिल्या.

सोन्याच्या मागे वसलेली गावं जगात कितीतरी होती. घरागणिक, माणसागणिक अशी नोंद फार थोड्यांची असेल. न्हाव्याच्या दुकानाच्या शेजारी कोणाचं दुकान होतं हे इथे आज सांगता येतं.

अनघड

फोटोग्राफी हा माझा छंद आहे आणि वेट प्लेट मी स्वतः करून पाहिली आहे, त्यामुळे हे वाचून अंगावर काटा आला.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी लिहितो. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण हातानं एकसारखं ओतायचं. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. सगळं काही मिनिटांत. वाळली की गेली. म्हणजे डार्करूम बरोबर न्यावी लागते, तीही घोडागाडीवर, धुळीच्या रस्त्यांवरून, उन्हाळ्यात. अशा शेकडो काचा एका गावात. एकही धडपणे येणं हे कौतुकाचं.

होल्टरमन शिळेच्या बाजूला हात ठेवून उभा आहे, तो फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. तो जोडून बनवलेला आहे. होल्टरमनचा फोटो वेगळा, शिळेचा वेगळा, मागची पार्श्वभूमी वेगळी. 1870 च्या दशकात, काचेवर. जोड किती सफाईनं लावलाय ते मोठा करून पाहा.

मावळवारा

म्हणजे तो शिळेसोबत कधी उभा राहिलाच नाही?

अनघड

त्या फोटोसाठी तरी नाही.

मुक्ता_बा

सगळं आवडलं, पण सोन्याच्या आधीचं गाव यात यायला हवं असं मनापासून वाटतं.

हा सगळा प्रदेश विराजुरी या आदिवासी लोकांचा. बाथर्स्टच्या आसपास गोऱ्यांची कुरणं पसरू लागली आणि त्यांची शिकारीची रानं, पाण्याच्या जागा गेल्या. विंड्रडाइन हा त्यांचा पुढारी लढला. ऑगस्ट 1824 मध्ये गव्हर्नर ब्रिस्बेननं बाथर्स्ट भागात मार्शल लॉ पुकारला, तो डिसेंबरपर्यंत होता. त्या महिन्यांत विराजुरी बायका-मुलांचीही कत्तल झाली. हारग्रेव्हजला सोनं सापडलं ते यानंतर सत्तावीस वर्षांनी. म्हणजे खाणकामगार आले तेव्हा ते सगळं पाहिलेली माणसं हयात होती.

आणखी एक. जुलै 1851 मध्ये हिल एंड आणि मजी यांच्या दरम्यान लुइसा क्रीकला सोन्यानं भरलेले गारगोटीचे प्रचंड दगड मिळाले, त्यातलं सोनं वजनानं शंभर पौंडांच्या वर होतं. ते पाहिले मेंढ्या राखणाऱ्या एका आदिवासी माणसानं. तो डॉक्टर केरच्या रानावर कामाला होता. इतिहासात तो शोध ‘केर्स हंड्रेडवेट’ म्हणून मालकाच्या नावानं नोंदला गेलाय.

टांबरूराला चिनी लोकांची मोठी वस्ती होती, बहुतेक ग्वांगडाँगकडचे. गाळ उपसून झालेल्या जागा ते पुन्हा चिकाटीनं धुवायचे, भाजीचे मळे लावायचे, दुकानं चालवायचे. लॅम्बिंग फ्लॅट या सोन्याच्या ठिकाणी चिनी लोकांविरुद्ध झालेल्या दंगलीनंतर 1861 साली न्यू साउथ वेल्सनं चिनी माणसांच्या प्रवेशावर डोईपट्टी बसवली, माणशी 10 पौंड. आपण परदेशात राहणाऱ्यांनी तरी हे वाचून पुढे जाऊ नये.

निरगुडी

मुक्ताताई, हे इथे आलं हे फार बरं झालं. टांबरूराला जाल तर गोल्डन गलीत उतरून पाहा. पाण्यानं आणि माणसांनी मिळून कोरलेली तांबड्या मातीची घळ आहे, भिंतींत खोदकामाची भोकं आणि बोगदे दिसतात. चिनी कामगारांच्या हातचे म्हणून ते दाखवतात. कडा भुसभुशीत आहे, मुलांना वरच्या काठावर सोडू नका.

पाचोळा

मुलं म्हटल्यावर विचारते. आमच्याकडे आठ आणि पाच वर्षांची दोन आहेत. इतिहास सांगायला लागलं की पळतात. त्यांना रमेल असं काय आहे? आणि शाकाहारी जेवणाचं काय?

निरगुडी

आधी कांगारू. संध्याकाळी गावभर, तंबूंच्या मधूनसुद्धा चरतात, त्यातच त्यांचा वेळ जाईल. खायला मात्र घालायचं नाही. गावात राष्ट्रीय उद्यान विभागाची तंबू टाकायची दोन ठिकाणं आहेत, व्हिलेज आणि ग्लेनडोरा. आगाऊ नोंदवा, सुट्टीत भरून जातात. बाल्ड हिल खाणीत वाटाड्याबरोबर आत जाता येतं, वेळा आधी विचारून घ्या. मोठ्या मुलाला तेच सगळ्यात आवडेल. हिस्टरी हिल हे संग्रहालयही चांगलं आहे. सोनं धुवून पाहायचं असेल तर ठरवून दिलेल्या जागीच, नियम तिथे विचारून. मेटल डिटेक्टर घेऊन जाऊ नका, हा संरक्षित परिसर आहे.

मुलांसाठी मी एक सुचवते. निघण्यापूर्वी पाच-सहा जुने फोटो छापून घ्या आणि त्यांना सांगा, ही जागा शोधा. रॉयल हॉटेल सहज सापडतं. नॉर्थीचं दुकान, ग्रेट वेस्टर्न स्टोअर हीही सापडतात. क्रेगमूर हे टेकाडावरचं ऐसपैस घर आहे, 1875 चं.

जेवणाचं म्हणाल तर पबमध्ये चिप्स आणि एखाद-दुसरा पदार्थ मिळेल, त्यावर दोन दिवस निघणार नाहीत. आम्ही भाजणी, दही, भाज्या घेऊन जातो आणि तिथेच करतो. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे आगबंदी असते, त्या दिवशी स्टोव्हचेही नियम वाचून घ्या.

तांबडी_माती

रस्ता कसा आहे? ब्रायडल ट्रॅकबद्दल खूप ऐकलंय.

कृष्णाकाठ

नेहमीचा रस्ता बाथर्स्ट, पील, वॉटल फ्लॅट, सोफाला, हिल एंड. साध्या गाडीला चालतो. वळणं बरीच आहेत. पेट्रोल बाथर्स्टला भरा, फोनच्या रेंजवर विसंबू नका, आणि अंधार पडायच्या आत पोचा. तिन्हीसांजेला कांगारू अचानक रस्त्यावर येतात, माणूस आणि जनावर दोघांच्याही जिवावर बेततं.

ब्रायडल ट्रॅक हा मक्वारी नदीच्या काठाकाठानं जाणारा जुना घोडवाटेचा रस्ता. अरुंद, एका बाजूला कडा, एका बाजूला खोल नदी. 2010 साली मोनाघन्स ब्लफला दरड कोसळली आणि पुढे वर्षानुवर्षे तो सलग जात नव्हता. जायचंच असेल तर त्या आठवड्याची स्थिती बाथर्स्ट कौन्सिलकडे बघा आणि फोर व्हील ड्राइव्हच न्या.

रेवा_ता

कोणत्या दिवसांत जावं?

निरगुडी

एप्रिल-मे. गावातून टांबरूराकडे जाणाऱ्या रस्त्याला लुइस बायर्सनं युरोपातली झाडं लावली होती. त्या रस्त्याला बायर्स ॲव्हेन्यूच म्हणतात. शरद ऋतूत ती पिवळी-तांबडी होतात. होल्टरमन पैसा घेऊन सिडनीला गेला, बायर्स गावात राहिला, महापौर झाला आणि झाडं लावली. मला या दोघांत बायर्स जास्त जवळचा वाटतो. जून ते ऑगस्ट रात्री पारा शून्याखाली जातो, पांघरुणं भरपूर न्या.

मावळवारा

निरगुडी, तुम्ही सुरुवातीला म्हणालात की फोटोंनी गाव राखलं. पण फोटो तर 1951 ला सापडले. तोवर कसं टिकलं?

निरगुडी

महत्त्वाचा प्रश्न. तोवर ते हळूहळू मोडतच होतं. मोजकी कुटुंबं राहिली, कोणी मेंढ्या राखत, कोणी जुन्या खाणी चाळत. घरं पडली की लाकूड-पत्रा दुसरीकडे जाई.

1947 मध्ये रसेल ड्रायस्डेल आणि डोनल्ड फ्रेंड हे दोन चित्रकार इकडे आले. फ्रेंडनं इथे एक छोटं घरच घेतलं. मागोमाग पॉल हेफ्लिगर आणि जीन बेलेट आले, मग मार्गारेट ऑलीसारखे आणखी कितीतरी. ऑस्ट्रेलियाची चित्रकला तोवर हिरवी कुरणं आणि निलगिरीची झाडं यांत रमलेली होती. या लोकांनी सोडून दिलेले रस्ते, उखडलेली तांबडी माती, रिकामी दुकानं रंगवली. ड्रायस्डेलच्या ‘सोफाला’ या चित्राला 1947 चं विन पारितोषिक (निसर्गचित्रांसाठीचं) मिळालं, ते चित्र सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्सच्या संग्रहात आहे. म्हणजे आधी चित्रं, पाठोपाठ काचा, आणि लोकांच्या लक्षात आलं की हे गाव पडू देण्यासारखं नाही. 1967 मध्ये ते ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं. फ्रेंडच्या आणि हेफ्लिगरच्या घरांत आजही चित्रकार काही आठवडे राहून काम करतात, बाथर्स्टची कलादालन संस्था ते चालवते.

तांबडी_माती

ड्रायस्डेलचं क्रिकेटचं चित्र हिल एंडचंच ना?

अनघड

हो, ‘द क्रिकेटर्स’, 1948. एका इंग्लिश प्रकाशकाला खेळांच्या चित्रांचा संग्रह करायचा होता, त्यानं क्रिकेटवर चित्र मागितलं. त्याला हिरवंगार मैदान अपेक्षित असणार. ड्रायस्डेलनं दिलं काय, तर ओसाड इमारतींच्या मध्ये उघड्या मातीवर तीन पोरं: एक बॉल टाकतोय, एक भिंतीसमोर बॅट घेऊन उभा, तिसरा बाजूला टेकून बघतोय. बाकी माणूस नाही. गल्लीत खेळलेल्या कोणालाही ते चित्र लगेच कळतं, आणि तरी त्यात एवढी मोकळी जागा आहे की घशाशी काहीतरी येतं.

पाचोळा

मेच्या पहिल्या आठवड्यासाठी व्हिलेजमध्ये जागा नोंदवली. फोटो कुठून छापून घेऊ?

निरगुडी

स्टेट लायब्ररी ऑफ न्यू साउथ वेल्सच्या साइटवर ‘होल्टरमन कलेक्शन’ शोधा. काचा फार बारकाईनं स्कॅन केल्या आहेत. मोठा करत गेलात की दुकानाच्या खिडकीतल्या पाट्या वाचता येतात. गल्गाँग गावचेही फोटो त्यातच आहेत. 1966 च्या दहा डॉलरच्या नोटेवर लेखक हेन्री लॉसनच्या मागे जे गाव होतं ते हेच गल्गाँग. हिल एंडहून मजीमार्गे तिकडे जाता येतं, पण मधला काही रस्ता कच्चा आहे.

मावळवारा

मी नॉर्थ सिडनीत राहतो. होल्टरमनचं घर इथेच कुठेतरी होतं असं वाचल्यासारखं वाटतंय.

अनघड

लॅव्हेंडर बेच्या वरच्या अंगाला. त्यानं घराला उंच बुरुज बांधला होता आणि 1875 साली बेलिसनं त्या बुरुजावरून सिडनीचा पॅनोरामा घेतला. त्यासाठी वापरलेल्या काचांपैकी सर्वांत मोठ्या काचा दीड मीटरहून जास्त रुंद होत्या. एकोणिसाव्या शतकात वेट प्लेटमध्ये याहून मोठी निगेटिव्ह कोणी केल्याची नोंद नाही. 1889 पासून तिथे शोअर ही शाळा आहे आणि बुरुज आवारात उभा आहे. आवार खासगी आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच बघा.